गंज, क्षरण आणि ॲल्युमिनियमची चाके : एका शब्दाची व्याप्ती व एका कामाची रीत

१. विषयाचे स्वरूप

मोटारीच्या अथवा मोटारसायकलीच्या ॲल्युमिनियमच्या चाकावर काही वर्षांच्या वापरानंतर डाग पडतात, वरचा रंग सुटू लागतो आणि धातूत बारीक खळगे दिसू लागतात. अशा चाकाविषयी मराठी भाषक सहजपणे म्हणतो, ‘चाक गंजले.’ त्यावर दुसरा कोणी तितक्याच खात्रीने म्हणतो, ‘ॲल्युमिनियम कधी गंजत नसते.’ ही दोन्ही विधाने नित्य ऐकू येतात आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर आहेत. पहिल्या वक्त्याने ‘गंज’ हा शब्द धातूच्या कोणत्याही बिघाडास लावलेला असतो. दुसऱ्याने तो लोखंडावर धरणाऱ्या तांबूस थरापुरता राखून ठेवलेला असतो. वाद धातूचा नसून शब्दाच्या व्याप्तीचा आहे.

परंतु हा प्रश्न केवळ कोशकाराच्या टिपणवहीत राहणारा नव्हे. बिघाडास जे नाव दिले जाते त्या नावाबरोबर उपायही ठरून जातो. ‘गंज’ म्हटले की लोखंडी तारेचा ब्रश, तीव्र अम्ल, जुना रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा आणि शेवटी शेंदरी प्रायमर अशी एक मालिका अनुभवी कारागिराच्या मनात आपोआप उभी राहते. लोखंडाच्या बाबतीत ती पुष्कळ अंशी योग्यच आहे. ॲल्युमिनियमच्या चाकावर मात र तिच्यातील जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची असून एखादी पायरी करणाऱ्याच्या हातासही अपाय करणारी आहे. म्हणून चाकांची शुद्धी व पुनर्लेपन ह्या कामाची रीत समजून घेताना तिच्या शब्दांचाही विचार करणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात प्रथम शब्दांची जुनी व्यवस्था, नंतर धातूचे वर्तन आणि शेवटी प्रत्यक्ष कामाचा क्रम असा विचार केला आहे.

२. शब्दांची जुनी व्यवस्था

मराठीत धातूंच्या बिघाडाची नावे धातूंनुसार वाटलेली आहेत. लोखंड गंजते. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, आणि तांब्यावर धरणाऱ्या हिरव्या थरास जंगाल म्हणतात. चांदी काळी पडते. धातू तापविताना सुटणाऱ्या मळास कीट हे नाव आहे, तर भांड्यास चिकटून बसलेला मळ हे किटण होय. पिकावरील तांबूस रोगास तांबेरा म्हणतात; तेथे रंगावरून नाव पडले आहे.

ह्या नावांच्या जोडीला उपायही वाटलेले आहेत. लोखंड घासून त्यास तेल अथवा रंग लावावयाचा, तांबे चिंचेने उजळावयाचे, चांदीला रिठ्याचे पाणी आणि पितळेच्या भांड्यास आतून कल्हई. कल्हई हा शब्द कथील ह्या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे. झिलई हाही मूळचा अरबीच. अशा रीतीने बिघाडाचे नाव, बिघाड होणारा धातू आणि त्यावरील उपाय ह्या तिहींची एक घट्ट जुळणी भाषेत होऊन बसली आहे. घरातील वडीलधारी माणसे मुलांना शब्द शिकवतात तेव्हा त्याबरोबर उपचारही शिकवीत असतात.

ॲल्युमिनियम ह्या जुळणीत फार उशिरा आला. हान्स क्रिश्चन अर्स्टेड ह्यांनी १८२५ साली तो प्रथम अशुद्ध स्वरूपात वेगळा केला. १८८६ साली हॉल आणि एरू ह्या दोघांनी स्वतंत्रपणे विद्युत्‌-विच्छेदनाची रीत शोधून काढल्यावरच तो स्वस्त झाला. मोल्सवर्थ ह्यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तेव्हा महाराष्ट्रातील घरांत हा धातू नव्हताच. पुढे ॲल्युमिनियमची भांडी आली तेव्हा त्यांना ‘जर्मनची भांडी’ असे नाव पडले. हे नाव जर्मन सिल्व्हरवरून आले असावे. वास्तविक जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल व जस्त ह्यांचा मिश्रधातू असून त्यात ॲल्युमिनियम नसते. तात्पर्य, ह्या धातूस स्वतःचे नावदेखील उसने घ्यावे लागले. त्याच्या बिघाडास वेगळे नाव मिळाले नाही ह्यात नवल नाही. तेथे लोखंडाचा ‘गंज’ आला, आणि शब्दाबरोबर लोखंडाचे उपायही आले.

नावावरून वर्तन कसे ठरते ह्याविषयी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बेंजामिन ली व्होर्फ ह्यांचे लेखन परिचित आहे. व्होर्फ हे व्यवसायाने अमेरिकेतील एका अग्निविमा कंपनीत आग-प्रतिबंधक अभियंता होते. १९३९ साली लिहिलेल्या आणि १९४१ साली सपीर-स्मृतिग्रंथात प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी तेथील अनुभव नोंदविले आहेत. पेट्रोलच्या ‘रिकाम्या’ पिंपांजवळ माणसे निष्काळजीपणे धूम्रपान करतात, कारण ‘रिकामे’ हा शब्द निरुपद्रवीपणा सुचवितो. प्रत्यक्षात पिंपात स्फोटक वाफ भरलेली असते. त्यांचे दुसरे उदाहरण येथे अधिक जवळचे आहे. एका कारखान्यातील धातूच्या भट्ट्यांना चुनखडीपासून केलेले आवरण घातले होते. नावात ‘खडी’ असल्यामुळे ते जळणारे नव्हे असे सर्वांनी गृहीत धरले. पण ॲसेटिक अम्लाच्या वाफांनी त्या आवरणाचे कॅल्शियम ॲसेटेट झाले होते, आणि आगीची धग लागताच त्यातून ज्वालाग्राही ॲसिटोन निघून ते पेटले.

व्होर्फ ह्यांच्या मताचा जो व्यापक अर्थ पुढे लावला गेला, म्हणजे भाषा विचारास जखडून टाकते हा, तो आज फारसा मान्य नाही आणि येथे त्याची गरजही नाही. ‘गंज’ शब्द वापरणाऱ्यास ॲल्युमिनियमचे वर्तन समजूच शकत नाही असे कोणी म्हणणार नाही. मर्यादित विधान एवढेच की, दुसरी माहिती हाताशी नसेल तेव्हा माणूस नावात साठविलेल्या माहितीवर चालतो. ॲल्युमिनियमच्या चाकापुढे बसलेल्या माणसाची स्थिती बहुधा अशीच असते.

३. दोन धातूंचे दोन स्वभाव

लोखंडाचा गंज सच्छिद्र व भुसभुशीत असतो. तो धातूस घट्ट धरून राहत नाही. त्यातून पाणी व हवा आत शिरतात आणि खालचे लोखंड गंजत जाते. म्हणून लोखंडाच्या बाबतीत गंज हाच शत्रू असून तो खरवडून काढणे हा उपायाचा गाभा आहे.

ॲल्युमिनियमचे याउलट आहे. हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साईडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. तो धातूस घट्ट चिकटलेला असतो आणि पुढील क्रिया थांबवितो. घासून काढला तरी क्षणार्धात पुन्हा धरतो. लोखंडाचे ऑक्साईड धातूस खाते, ॲल्युमिनियमचे ऑक्साईड धातूस राखते, असे थोडक्यात म्हणता येईल. ‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ ह्या लोकविधानात जे तथ्य आहे ते हेच.

हे संरक्षण दोन ठिकाणी तुटते. पहिले म्हणजे अम्ल आणि अल्क ह्यांत. ॲल्युमिनियमचे ऑक्साईड उभयधर्मी आहे. ते तीव्र अम्लात विरघळते आणि तीव्र अल्कातही विरघळते. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच मूल्य, सुमारे ४ ते ८.५ ह्यांच्या दरम्यान असेल तोवरच पापुद्रा स्थिर राहतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात लोखंड टिकते, पण ॲल्युमिनियम हायड्रोजन वायू सोडीत विरघळू लागते. सोड्याने घासलेले जर्मनचे भांडे काळवंडते हा स्वयंपाकघरातील अनुभव ह्याच नियमाचे सौम्य रूप होय.

दुसरे ठिकाण म्हणजे मीठ. क्लोराईड आयन पापुद्र्यास सर्वत्र न विरघळविता जागोजागी भेदतात आणि तेथे सुईच्या टोकाएवढे खळगे पडतात. त्या भागात पाणी अम्लधर्मी होत जाते आणि खळगा खोल होतो. लोखंड, तांबे वा पितळ ह्यांचा ओलसर संपर्क असेल तर ही क्रिया अधिक वेगाने होते, कारण त्या जोडीत ॲल्युमिनियम धनाग्र बनते आणि झिजते. थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तेथील चाके ह्या रोगास बळी पडतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी ह्या बाजूस रस्त्यावर मीठ टाकावे लागत नाही. समुद्रावरील वाराच ते आणून देतो, आणि पावसाळ्याची दमट हवा पुढचे काम करते.

४. चाकाची घडण

ॲल्युमिनियमची ओतीव चाके स्पर्धेच्या मोटारीस प्रथम ठळकपणे दिसली ती १९२४ सालच्या बुगाटी टाइप ३५ ह्या गाडीवर. नंतरच्या काळात शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाके बसविण्यात येऊ लागली आणि त्यांवरून ‘मॅग व्हील’ हे नाव पडले. आज रस्त्यावर दिसणारी तथाकथित मॅग व्हील्स जवळजवळ सर्व ॲल्युमिनियमचीच असतात. येथेही नाव एका धातूचे आणि वस्तू दुसऱ्या धातूची, हा प्रकार लक्षात घेण्यासारखा आहे.

ओतीव चाकांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू ए ३५६ ह्या क्रमांकाने ओळखला जातो. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम असते. ओतल्यानंतर चाक सुमारे ५४० अंश सेल्सियसला काही तास तापवून पाण्यात विझवितात आणि नंतर सुमारे १५० ते १७० अंशांच्या दरम्यान मुरवितात. ह्या उपचाराने मॅग्नेशियम व सिलिकॉन ह्यांचे अतिसूक्ष्म कण धातूत विखुरतात आणि चाकास बळ येते. म्हणजे चाकाचे बळ केवळ त्याच्या जाडीत नसून त्याला दिलेल्या उष्णतेच्या इतिहासातही आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

धातूवर लेपांचे थर असतात. प्रथम रासायनिक पूर्वलेप, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. काही चाकांचा दर्शनी भाग लेथवर तासून चकचकीत ठेवतात आणि त्यावर केवळ पारदर्शक थर देतात. तासलेल्या भागाच्या धारदार कडेवर हा थर पातळ बसतो. खडा लागून तो तेथेच प्रथम फुटतो. ‘लेप फुटला’ ही घटना डोळ्यांना क्षुल्लक दिसते, पण पुढील बिघाडाचा उगम बहुधा तेथेच असतो.

५. एका नावाखालील तीन बिघाड

ज्यास सरसकट ‘गंज’ म्हटले जाते त्यात निदान तीन भिन्न गोष्टी मिसळलेल्या आहेत.

पहिली, तपकिरी ठिपके. हा खरोखरीचा गंज होय. परंतु तो चाकाचा नव्हे. ब्रेक लावताना बिडाच्या डिस्कमधून व ब्रेक-पॅडमधून लोखंडाचे तप्त सूक्ष्म कण उडतात, लॅकरमध्ये रुतून बसतात आणि तेथे गंजतात. ज्या चाकास सर्वांत अधिक ‘गंजलेले’ म्हटले जाते ते अशा वेळी खाली पूर्ण शाबूत असू शकते. ह्यास ‘लोहडाग’ म्हणणे युक्त होईल.

दुसरी, पांढरी भुकटी आणि तिच्याखालचे खळगे. हे ॲल्युमिनियमचे स्वतःचे क्षरण होय. ही भुकटी म्हणजे पाणी धरलेले ऑक्साईड. मूळ धातूपेक्षा ती अधिक जागा व्यापते, म्हणून वरचा रंग फुगतो. वजन जुळविण्यासाठी लावलेल्या तुकड्याच्या लोखंडी पकडीखाली, व्हॉल्व्हच्या भोवती, हबला टेकणाऱ्या मागच्या भागावर आणि टायरची कड जेथे चाकास दाबून बसते तेथे हे क्षरण विशेष आढळते. शेवटच्या जागी पृष्ठभाग खडबडीत झाला की ट्यूबलेस टायरमधील हवा हळूहळू झिरपते. अशा वेळी पंक्चर शोधण्यात श्रम जातात आणि दोष चाकाच्या कडेवर असतो. ह्या प्रकारास ‘श्वेतक्षरण’ हे नाव सुचविता येईल.

तिसरी, पारदर्शक लेपाखाली सरपटत जाणाऱ्या अळीसारख्या बारीक रेषा. लेप फुटलेल्या जागेतून मीठ व ओलावा आत जातो. रेषेच्या टोकाशी प्राणवायू कमी असतो, तेथे द्राव अम्लधर्मी होऊन धातू विरघळतो. शेपटाकडून हवा आत येत राहते आणि मागे पांढरट अवशेष साचत जातो. अशा रीतीने टोक पुढे सरकत राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ ते ९५ टक्के असताना हा प्रकार जोमाने वाढतो. कोकणातील पावसाळा म्हणजे ह्यास अनुकूल ऋतूच होय. ह्यास ‘तंतुक्षरण’ म्हणावे.

तीन बिघाडांना तीन नावे दिली की उपायही तीन होतात. पहिल्यात लेपावरील परके लोखंड काढावयाचे आहे आणि लेप राखावयाचा आहे. दुसऱ्यात धातूपर्यंत जाऊन क्षरण काढावयाचे आहे. तिसऱ्यात लेप कितीही शाबूत दिसत असला तरी तो उतरविल्यावाचून गत्यंतर नाही, कारण रोग त्याच्या खाली आहे. वरून कितीही पॉलिश केले तरी रेषा पुढे जातच राहते.

६. शुद्धीची व पुनर्लेपनाची रीत

काम नेहमी थंड चाकावर आणि साध्या धुण्याने सुरू करावे. पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ ब्रश वापरून धुवावे. तापलेल्या चाकावर कोणतेही द्रावण चटकन वाळते आणि डाग पाडते.

लोहडागासाठी थायोग्लायकोलेट क्षारांची, साधारण उदासीन सामू असलेली द्रावणे मिळतात. लोखंडाशी संयोग होताच ती जांभळी होतात. त्यामुळे हा रंग उपायाबरोबर निदानाचेही काम करतो. जांभळा रंग आला तर डाग परक्या लोखंडाचा आहे. द्रावण चाकावर वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावे. पुष्कळ चाकांचे काम एवढ्यावरच संपते.

डाग राहिले तर धातू उघडा आहे की लेपलेला, हे ठरवावे. आडोशाच्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे धातूचे पॉलिश घासावे. फडके काळे झाले तर खाली उघडे ॲल्युमिनियम आहे. काळे झाले नाही तर वर लेप आहे. ही कसोटी सोपी असून ती न केल्यामुळे लॅकरवर तासन्‌तास पॉलिश घासण्याचे व्यर्थ श्रम होतात.

येथे दोन निषेध स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. कॉस्टिक सोड्याने रंग उतरवू नये. धातू विरघळतो आणि न विरघळणाऱ्या सिलिकॉनादी घटकांची काळी काजळी वर राहते. दुसरा निषेध अधिक गंभीर आहे. चाक क्षणात उजळविणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक अम्ल अथवा अमोनियम बायफ्लुओराईड असते. हे अम्ल कातडीतून आत जाते आणि शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते. सौम्य द्रावण असेल तर वेदना काही तासांनंतर सुरू होते, तोवर इजा खोल गेलेली असते. संपर्क झाल्यास ताबडतोब पाण्याने धुऊन कॅल्शियम ग्लुकोनेटचा उपचार आणि वैद्यकीय मदत आवश्यक असते. रस्त्याकडेच्या धुलाईकेंद्रावर उघड्या हातांनी काम करणाऱ्यास ‘ॲसिड’ एवढेच नाव सांगितले जाते, तेव्हा हायड्रोक्लोरिक अम्लाविषयीचा त्याचा अनुभव त्यास येथे फसवितो. तेथे चटका लगेच बसतो; येथे बसत नाही. ‘गंज’ शब्दाइतकाच ‘ॲसिड’ हा शब्दही अधिक व्यापक, आणि म्हणून अधिक धोक्याचा आहे.

श्वेतक्षरण व तंतुक्षरण ह्यांसाठी टायर, व्हॉल्व्ह आणि वजनाचे तुकडे काढून चाक मोकळे करावे. लेप उतरविण्यासाठी बेंझिल अल्कोहोलयुक्त द्रावणे वापरता येतात. पूर्वी ह्या कामी मिथिलीन क्लोराईड सर्रास वापरीत, पण त्याच्या वाफेने मृत्यू घडल्यामुळे अमेरिकेत रंग काढण्यासाठी ग्राहकांना ते विकण्यास २०१९ साली बंदी झाली. दुसरा मार्ग कणांच्या फवाऱ्याचा. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साईड, काचेचे मणी अथवा प्लॅस्टिकचे कण घ्यावेत. लोखंडी छर्रे घेऊ नयेत. ह्याच कारणाने साध्या पोलादी तारेचा ब्रश व पोलादी लोकर वर्ज्य होत. त्यांचे कण धातूत रुततात आणि नव्या क्षरणाचे बीज होतात. जो लोहडाग काढावयाचा तोच हाताने पेरल्यासारखे होते.

नंतर खळग्यांच्या तळापर्यंतचे पांढरे अवशेष काढावेत. पॉलिश पेपर ८० किंवा १२० क्रमांकापासून सुरू करून २४०, ४०० असा चढत जावे. प्रत्येक क्रमांकाने मागच्या क्रमांकाच्या रेषा पूर्ण घालवाव्यात. उघडी झिलई हवी असल्यास ६०० पासून २००० पर्यंत जाऊन मग बफ करावे. लेप द्यावयाचा असेल तर एवढ्या गुळगुळीतपणाची आवश्यकता नाही. किंबहुना प्रायमरला धरण्यासाठी थोडा खडबडीतपणा हवा असतो. घासताना उडणारी ॲल्युमिनियमची सुकी भुकटी ज्वालाग्राही असते. लोखंड घासण्याच्या ग्राइंडरवर ॲल्युमिनियम घासू नये, कारण लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची भुकटी ह्यांचे मिश्रण म्हणजेच थर्मिट, ज्याच्या ज्वलनाने रेल्वेचे रूळ जोडतात. शक्यतो ओले घासावे आणि तोंडावर मुखपट्टी असावी.

घासलेला धातू तेलकटपणा जाईपर्यंत पुसून घ्यावा, त्यास बोट लावू नये आणि त्याच दिवशी पूर्वलेप व प्रायमर द्यावा. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचे जुने पूर्वलेप उत्तम चिकटत, परंतु ते कर्ककारक आहेत. त्यांच्या जागी आता झिर्कोनियम व टायटॅनियमयुक्त लेप आले आहेत. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग, मग पारदर्शक थर. शिशाचा शेंदरी प्रायमर लोखंडास चालतो, ॲल्युमिनियमवर तो क्षरणास साहाय्य करतो.

हा क्रम मराठी घरास अगदीच अपरिचित नाही. कल्हईवाला भांडे घासतो, तापवितो, नवसागराने पृष्ठभाग शुद्ध करतो आणि पुन्हा ऑक्साईड धरण्यापूर्वी कथील फिरवितो. शुद्धी आणि आवरण ह्यांत खंड पडू द्यावयाचा नाही, हे त्या कलेचे मर्म आहे. चाकाच्या कामाचेही मर्म हेच. ‘चाक गंजले’ ह्याऐवजी ‘चाकाची कल्हई गेली’ असे कोणी म्हटले तर ते शास्त्रदृष्ट्या सैल ठरेल, पण त्यातून सुचणारा उपाय अधिक योग्य असेल.

७. मर्यादा

चाक ही शोभेची वस्तू नसून भार वाहणारी वस्तू आहे, आणि येथे काही सीमा पाळाव्या लागतात. तडा गेलेले चाक रंगवून वापरू नये. तड्यावर डाख देणे, म्हणजे वेल्डिंग करणे, हेही सुरक्षित नव्हे. डाखाच्या भोवतीचा भाग इतका तापतो की उष्णोपचाराने आलेले बळ तेथे नाहीसे होते. वरून जोड उत्तम दिसतो आणि त्याच्या शेजारचा धातू मऊ झालेला असतो.

पावडर कोटिंग साधारणतः १८० ते २०० अंशांना भाजतात. हे तापमान चाक मुरविण्याच्या तापमानाहून अधिक आहे. कारखान्यात तापमान व वेळ ह्यांचा हिशेब आधीच बसविलेला असतो; दुरुस्तीच्या भट्टीत तो पाळला नाही, अथवा तेच चाक वारंवार भाजले, तर धातू मऊ होत जातो. जुना रंग जाळून काढण्याच्या भट्टीत तापमान ४०० अंशांच्या आसपास असते. तेथे चाक घालणे म्हणजे त्याचे बळ घालविणे होय. लेथवर पुन्हा तासण्याने दर खेपेस थोडा धातू कमी होतो, आणि अनेक वाहन-उत्पादकांना हा प्रकार मान्य नाही.

नट बसण्याच्या जागा आणि हबला टेकणारा भाग ह्यांवर जाड रंग देऊ नये. रंगाचा थर दाबला जाऊन पातळ होतो आणि आवळलेले नट सैल पडतात. चाक बसविताना टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाने नट आवळावेत आणि सुमारे ८० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत.

८. परिभाषेविषयी निष्कर्ष

शासकीय व विद्यापीठीय परिभाषेत ‘क्षरण’ व ‘संक्षारण’ हे शब्द आहेत आणि ते निर्दोष आहेत. परंतु ते वर्गातून कार्यशाळेत पोहोचलेले नाहीत, आणि ‘गंज’च्या जागी केवळ ‘क्षरण’ ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. एका व्यापक शब्दाची जागा दुसऱ्या व्यापक शब्दाने घेतली तर निदानात काहीच भर पडत नाही. आवश्यकता आहे ती भेद दाखविणाऱ्या शब्दांची. लोहडाग, श्वेतक्षरण आणि तंतुक्षरण ही नावे त्या दृष्टीने सुचविली आहेत; कारागिरांच्या तोंडी त्यांहून चांगली नावे आधीच असतील तर तीच स्वीकारणे श्रेयस्कर. लोखंडी डाग, पांढरी भुकटी, दोरा, असे बोलण्यातील साधे शब्दही तेच काम करू शकतात, जर त्यांचा वापर ठरलेल्या अर्थाने झाला.

जुन्या मराठीने लोखंड, तांबे, चांदी ह्यांच्या बिघाडांत जो विवेक केला होता तो कोणत्याही परिभाषा-समितीने केलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या भांडी घासणाऱ्या व शस्त्रे राखणाऱ्या हातांनी तो केला. ॲल्युमिनियम महाराष्ट्रात येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली असली तरी त्याचे चाक सामान्य माणसाच्या दाराशी आले ते गेल्या काही दशकांतच. त्याच्या बिघाडाची नावे आता कुठे घडत आहेत. मोटारदुरुस्तीच्या दुकानांत, धुलाईकेंद्रांवर, पावडर कोटिंगच्या भट्ट्यांपाशी ही शब्दनिर्मिती चालू आहे आणि ती नोंदविण्याचे काम क्षेत्रपाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांस करण्याजोगे आहे. शब्द नोंदविताना त्या शब्दाबरोबर कोणता उपाय योजला जातो हेही टिपावे. कोशात अर्थ मिळेल; पण त्या अर्थाने हात कोणत्या बाटलीकडे जातो, हे कार्यशाळेतच कळेल.